वर्गात अवघड विषयांवरची बालकादंबरी : वाचावी का, आणि वाचलीच तर कशी?

पाटीपेन्सिल

मी परळ भागातील एका अनुदानित मराठी शाळेत सहावी-सातवीला मराठी शिकवते. या वर्षी सातवीच्या वाचन तासिकेसाठी मी एक किशोर कादंबरी निवडली. बारा वर्षांच्या एका मुलाच्या वडिलांची नोकरी गेलेली आहे, ते दारू पितात, आई दोन घरी स्वयंपाकाची कामे करते आणि मुलगा हे सारे मित्रांपासून लपवतो, असा तिचा विषय आहे. पुस्तकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मग चर्चा त्या पुस्तकाच्या गुणदोषांवर घसरेल. माझा प्रश्न पुस्तकाचा नसून वर्गाचा आहे.

कादंबरी सुमारे सव्वाशे पानांची आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत मुलांच्या शंकांसकट सहा-सात पानांपेक्षा जास्त मोठ्याने वाचून होत नाहीत. आठवड्याला दोन तासिका धरल्या, तर जवळजवळ दहा आठवडे लागतात, आणि त्यात गणपतीची सुट्टी व घटक चाचणी येते ती वेगळीच. सहा प्रकरणे फार छान झाली. एरवी वाचन तासिका म्हणजे दप्तर आवरण्याची वेळ असे मानणारी मुले हात वर करून बोलू लागली.

सातव्या प्रकरणात वडील जेवताना ताट भिरकावतात आणि मुलगा जिन्यात जाऊन बसतो. तेथेच घंटा झाली. तो शुक्रवार होता. सोमवारी आणि मंगळवारी एक मुलगा शाळेत आला नाही. बुधवारी आला तो वाचन सुरू होताच बाकावर डोके ठेवून बसला. मी त्याला काही विचारले नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्याच एका विद्यार्थ्याचे पालक मुख्याध्यापिकांना भेटले आणि ‘घरातल्या गोष्टी शाळेत कशाला उकरून काढता’ असे म्हणाले. मुख्याध्यापिकांनी मला तूर्त थांबायला सांगितले आहे. चार प्रकरणे उरली आहेत आणि ‘बाई, पुढे काय झाले?’ असे मुले रोज विचारतात.

मी चूक केली, असे मला वाटते. पण ती पुस्तक निवडण्यात होती की वाचण्याच्या पद्धतीत, हे नीट उमगत नाही. वर्गात असे पुस्तक वाचलेल्यांनी कृपया या धाग्यावर सविस्तर लिहावे.

मुलुंडची पालक

मी शिक्षिका नाही. पाचवीतल्या आणि आठवीतल्या मुलांची आई आहे, त्यामुळे माझे मत त्या दृष्टीनेच घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावे असे स्पष्ट म्हटले आहे. ज्या मुलाच्या घरी रोज ताट भिरकावले जाते, त्याला शाळेचे पाच-सहा तास हीच एक सुटका असते. तेथेही त्याच्यापुढे तेच ताट पुन्हा भिरकावायचे, आणि तेही पन्नास मुलांच्या देखत, यात त्याचे काय भले होते? आपण मोठी माणसे दमून घरी आल्यावर विनोदी काहीतरी बघतो आणि मुलांनी मात्र दुःखच वाचावे असा आग्रह धरतो, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे. पुस्तक वाईट आहे असे मी म्हणत नाही. ते ग्रंथालयात ठेवावे, ज्याला हवे त्याने न्यावे. वर्गात मात्र कोणालाही उठून जाण्याची मुभा नसते, हे शिक्षकांनी विसरू नये.

खडूचा तुकडा

मी एकोणतीस वर्षे शिकवून निवृत्त झालो. मुलुंडच्या ताईंचे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. त्याआधी एक सांगतो : त्यांनी ज्या कलमाचा उल्लेख केला, त्यातील तेच पोटकलम ‘आणि मुलाला आपली मते मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे’ असे म्हणत पुढे जाते. भयमुक्ती आणि अभिव्यक्ती कायद्याने एकाच ओळीत बांधलेल्या आहेत. आपण मात्र पहिली घेतो आणि दुसरीपाशी घंटा वाजवतो.

दुःखी पुस्तके मराठी शाळेला नवीन नाहीत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ आपण पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हाती देत आलो आहोत. त्यात कर्ज आहे, सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान आहे, भावंडाचा आणि आईचा मृत्यू आहे. त्याबद्दल कोणी पालक मुख्याध्यापकांकडे गेल्याचे मी ऐकलेले नाही. दुःख कोकणातले आणि शंभर वर्षांपूर्वीचे असले की आपण त्याला संस्कार म्हणतो. तेच शेजारच्या खोलीतले आणि आजचे असले की ‘घरातल्या गोष्टी’ होतात.

आता माझी चूक सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी नायगावकडच्या एका शाळेत मी याच पुस्तकातील मोळीविक्या म्हातारीचे प्रकरण वाचत होतो. म्हातारी महार आहे, म्हणून तिची पडलेली मोळी उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते आणि नंतर घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. एका मुलाने विचारले, ‘सर, मग अंघोळ कशाला?’ इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही प्रशिक्षणवर्गात कोणी विचारला नव्हता. त्या प्रश्नावरच तासभर थांबायला हवे होते : आईची माया खरी आहे, अंघोळही खरी आहे आणि दोन्ही एकाच बाईत आहेत. मला मात्र वर्ग ‘जिवंत’ करण्याची हौस. मी विचारले, ‘तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे कधी घडले आहे का?’ कोणी बोलले नाही. पण चार-पाच मुलांच्या माना वळल्या आणि एका मुलीकडे पाहून पुन्हा सरळ झाल्या. ती मुलगी पुढच्या आठवड्यापासून शेवटच्या बाकावर बसू लागली. मी तिचे नाव घेतले नव्हते, तरीही वर्गाने ते ऐकले होते.

तेव्हापासून एक पथ्य पाळले. कादंबरी वाचताना मुलाला स्वतःच्या घराविषयी कधीच विचारायचे नाही. ना तोंडी, ना स्वाध्यायात, ना ‘माझा अनुभव’ म्हणून निबंधात. कादंबरीने आपल्याला एक तिसरा मुलगा दिलेला असतो. त्याच्याविषयी बोलताना ज्याला स्वतःविषयी बोलायचे आहे, त्याला ते झाकून बोलता येते आणि ज्याला बोलायचे नाही, त्याला निवांत गप्प बसता येते. ‘तो जिन्यात का बसला असेल? आत कधी जाईल? मित्राने विचारले तर काय सांगेल?’ एवढेच विचारावे. वर्गातून उठून जाता येत नाही, या ताईंच्या आक्षेपाला माझ्याकडे असलेले उत्तर हेच आहे : बाहेर जाण्याचा दरवाजा नसेल, तर निदान पुस्तकाच्या आत लपायला जागा असली पाहिजे.

पाटीपेन्सिल, तुम्ही त्या मुलाला काही विचारले नाही, हे योग्यच केले.

वातायन

मी अंधेरीच्या एका इंग्रजी शाळेत आठवीला शिकवते. रुडीन सिम्स बिशप या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांसाठी आरसा, खिडकी आणि सरकते काचेचे दार अशी रूपके वापरली. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत ती आता इतकी उगाळली जातात की मुळातला मुद्दाच राहून जातो. एकाच वर्गात तेच पुस्तक काहींसाठी खिडकी असते, म्हणजे दुसऱ्याचे आयुष्य दाखवते, आणि काहींसाठी आरसा असते, म्हणजे स्वतःचेच दाखवते. खिडकीतून पाहणारा निवांत असतो. त्याला कळवळा येतो, तो चांगली उत्तरे देतो आणि शिक्षिका खूश होते. आरशासमोर बसलेल्या मुलाला मात्र बाकीचे सगळे आपल्याकडेच पाहत आहेत असे वाटत राहते. नायगावच्या वर्गात घडले ते हेच.

म्हणून मी पुस्तक निवडताना विषय कोणता आहे यापेक्षा गोष्ट कोणाची आहे ते पाहते. आमच्याकडे काही वर्षे जॉन बॉइन यांची ‘द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज’ ही २००६ सालची कादंबरी वाचली जात असे. ब्रूनो हा नाझी छळछावणीच्या प्रमुखाचा नऊ वर्षांचा मुलगा आणि कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा श्मूएल यांची ती मैत्री. मुले रडत आणि मलाही तेव्हा ते यश वाटे. जानेवारी २०२० मध्ये आउशवित्झ या नाझी छळछावणीच्या खुद्द स्मारक-संग्रहालयाने जाहीरपणे म्हटले की, या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी किंवा तो शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे. ते वाचून मी पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा लक्षात आले की माझ्या वर्गातले बहुतेक अश्रू ब्रूनोसाठी होते. श्मूएलला स्वतःची इच्छा, राग, लबाडी, विनोद यांतले जवळजवळ काहीच नाही. तो कुंपणाशी बसून राहतो आणि दुसऱ्याच्या गोष्टीला कारण होतो.

ही कसोटी मराठी पुस्तकांना लावून पाहा. सोसायटीत राहणारा हुशार मुलगा, त्याच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी, तिची फी भरण्यासाठी तो आपली सायकल विकतो आणि शेवटी सर्वांचे डोळे पाणावतात. या साच्यातल्या गोष्टी मी कितीतरी वाचल्या आहेत. गोष्ट मुलाची आणि गरिबी मुलीची, असा तो व्यवहार असतो. ज्या वर्गात अशी मुलगी खरोखरच बसलेली असते, तिने त्यातून काय घ्यावे? आपण कोणाच्या तरी चांगुलपणाची संधी आहोत, हे? त्या मानाने पाटीपेन्सिल यांच्या कादंबरीत तो मुलगा स्वतः नायक आहे, लपवतो, म्हणजे काहीतरी करतो, हे मला फार चांगले लक्षण वाटते.

पुस्तकाची पाठराखीण

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. थोडक्यात व्यवहाराचे लिहिते. एकच प्रत असेल आणि शिक्षिका वाचून दाखवत असेल, तर वेग शिक्षिकेच्या हाती राहतो. मुलाला नकोसे पान उलटताही येत नाही आणि पुढे डोकावून शेवट ठीक आहे ना, हेही बघता येत नाही. आठ-दहा प्रती मिळाल्या तर गट करून द्याव्यात. एका शाळेकडे तेवढ्या नसल्या, तर आसपासच्या दोन-तीन शाळांनी मिळून घ्याव्यात आणि फिरवाव्यात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला छायाचित्रांसाठी पुस्तके मांडून ठेवण्यापेक्षा या कामाला तो दिवस बरा. आणि वाचून झाल्यावर प्रश्नपत्रिका काढू नये, एवढी विनंती.

समुपदेशक, ठाणे

मला दोन-तीन गोष्टी स्पष्टपणे लिहायच्या आहेत, कारण अशा चर्चांत त्या बहुधा राहून जातात.

पहिली गोष्ट शुक्रवारची. माझ्या मते मुख्य चूक पुस्तकाची नाही आणि पद्धतीचीही फारशी नाही. ती घंटेची आहे. अत्यंत ताणाच्या प्रसंगावर गोष्ट थांबली आणि मुले दोन दिवसांसाठी घरी गेली. ज्याच्या घरी तसे काही नाही, त्याच्यासाठी ती उत्कंठा होती. ज्याच्या घरी आहे, त्याच्यासाठी शनिवार-रविवार म्हणजे तेच प्रकरण पुढे चालू. प्रकरण आधी स्वतः घड्याळ लावून वाचून पाहावे, कठीण प्रसंग आठवड्याच्या सुरुवातीच्या तासिकेला यावा अशी आखणी करावी आणि वेळ संपत आली तर सरळ अर्धे पान वगळून गोष्ट थोडी सुरक्षित जागी आणून सोडावी. जिन्यात बसलेल्या मुलाला निदान शेजारच्या काकूंनी हाक मारेपर्यंत तरी.

दुसरी गोष्ट कायद्याची. अशा वाचनानंतर एखादे मूल मधल्या सुट्टीत येऊन काहीतरी सांगते. ते लैंगिक अत्याचाराविषयी असेल, तर पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) याच्या कलम १९ प्रमाणे स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथक यांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीविषयीचा गुन्हा कळवला नाही, तर कैद एक वर्षापर्यंत आहे. म्हणून मुलाला ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये. ‘तू मला सांगितलेस हे बरे केलेस, तुला मदत व्हावी म्हणून मला आणखी एका-दोघांना सांगावे लागेल’ असे म्हणावे. पुस्तक हाती घेण्यापूर्वीच शाळेत हे कोण, कसे करणार, ते ठरलेले असावे. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक वर्गात फळ्याशेजारी लावलेला असावा, म्हणजे तो कोणा एकासाठी लावल्यासारखा दिसत नाही.

तिसरी गोष्ट अशी की पाटीपेन्सिल यांनी या धाग्यावर त्या मुलाविषयी यापुढे ओळख पटेल असे काही लिहू नये. आतापर्यंत लिहिलेले ठीक आहे.

मुलुंडची पालक

शुक्रवारचा मुद्दा मला पटला. खडूचा तुकडा यांचे पथ्य सर्व शिक्षक पाळतील, असा विश्वास मात्र वाटत नाही. माझ्या मुलीला सहावीत ‘माझे बाबा’ असा निबंध लिहायला सांगितला होता आणि वर्गात वडील नसलेली दोन मुले होती. त्या शिक्षिकेच्या हाती अशी कादंबरी दिली तर काय होईल, याची कल्पना करवत नाही. निदान पालकांना आधी कळवावे, एवढे तरी मान्य व्हावे.

गिरणगावचा

सहसा वाचूनच जातो. आज लिहिण्याचे धाडस करतो. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सहावीत होतो. वडील गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, होते. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते, म्हणजे आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे वडील घरी बसले होते. पहिले काही महिने सभा, मोर्चे, गावाहून आलेले तांदूळ असा जोर होता. नंतर घरातले एकेक भांडे कमी होऊ लागले. आई शेजारच्या बाईंबरोबर पापड लाटायला जाऊ लागली आणि वडील संध्याकाळी उशिरा, वेगळ्या चालीने येऊ लागले. कोणी विचारले की ते गावी गेले आहेत, असे मी सांगत असे.

आता गंमत पाहा. माझ्या शेजारी बसणारा मित्रही आपले वडील गावी गेले आहेत, असेच सांगत असे. आम्ही एकाच चाळीचे. त्याचे वडील मला रोज गॅलरीत दिसत आणि माझे त्याला. तरीही आम्ही दोघे एकमेकांना ते गावी असल्याचे सांगत राहिलो आणि दोघेही मान डोलावत राहिलो. अर्धा वर्ग हेच करत होता, हे मला तिशीनंतर, एका लग्नात सगळे भेटल्यावर कळले. शाळेत या विषयावर एक अक्षर कोणी काढले नाही. शिक्षक चांगले होते. आम्हाला दुखावू नये म्हणूनच ते गप्प असणार. त्या वर्षी आम्ही हिमालयाच्या शिखरांवर आणि पावसाळ्यातल्या निसर्गावर निबंध लिहिले.

मुलुंडच्या ताई म्हणतात की शाळा ही सुटका असते. होती, हे खरे आहे. पण शाळेत शिरताना जो खोटेपणा अंगावर चढवावा लागे, त्याचेही ओझे होते. कोणी मला माझ्या घराविषयी विचारले असते, तर मी शाळाच सोडली असती. पण कोणी दुसऱ्याच एखाद्या, वडील ‘गावी गेलेल्या’ मुलाची गोष्ट वाचून दाखवली असती, तर मी आणि माझा मित्र एकमेकांकडे न बघता ती दोन कानांनी ऐकत बसलो असतो. त्याने काय बदलले असते, हे सांगता येत नाही. वडिलांची दारू सुटली नसती, हे नक्की.

खडूचा तुकडा

गिरणगावचे गृहस्थ, तुम्ही लिहिलेत ते मी दोनदा वाचले. त्या सुमारास मी परळलाच नव्याने नोकरीला लागलो होतो. गप्प बसणाऱ्यांत मीही होतो.

पालकांना कळवण्याबद्दल : कळवावे, पण संमतिपत्रावर सही मागू नये. सही मागितली की ज्या घरात लपवण्यासारखे काही आहे, तेच घर सही देणार नाही आणि मग सही न आणलेले मूल वर्गात पुन्हा उघडे पडेल. पालकसभेत वर्षभराच्या वाचनाची यादी सांगावी, प्रत्येक पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगावा आणि या पुस्तकांवर मुलांना घरचे काही विचारले जाणार नाही, हे त्याच सभेत मुख्याध्यापकांच्या तोंडून सांगावे. त्यामुळे शिक्षकही बांधला जातो. मुलुंडच्या ताईंची शंका मला रास्त वाटते.

मुलुंडची पालक

सही नसेल, तर कळवण्याला अर्थ काय? मी अजूनही असहमत आहे. पण यादी मिळाली तर मी ती पुस्तके आधी स्वतः वाचेन, एवढे लिहिते.

पाटीपेन्सिल

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा, सर्व नावे झाकून, मी मुख्याध्यापिकांना वाचायला दिला. त्यांनी शुक्रवारच्या मुद्द्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि उरलेली चार प्रकरणे सोमवार-मंगळवारच्या तासिकांना वाचण्याची परवानगी दिली. अट एकच : पुढच्या पालकसभेत त्या स्वतः बोलतील आणि मी शेजारी बसायचे. सहीचा निर्णय सभेनंतर होईल. आमच्या शाळेत समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात. त्यांच्याशीही बोलले आहे आणि त्यांचा वार आता मंगळवार करून घेतला आहे.

आठवे प्रकरण काल वाचले. मी फक्त एवढेच विचारले की, मुलाने मित्राला खरे सांगावे का. वर्गाचे दोन तट पडले आणि घंटा झाली तरी भांडण संपले नाही. सांगू नये, असे म्हणणारे जास्त निघाले, आणि त्यांची कारणे इतकी व्यवहारी होती की माझ्याजवळ उत्तर नव्हते.

समुपदेशकांची सूचना पाळून अधिक लिहीत नाही. फक्त ग्रंथपाल बाईंसाठी : एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत येऊन ते पुस्तक एका रात्रीसाठी मागितले. ते घरी न्यावे की नाही, यावर मी घुटमळले, हे ओळखून त्याने दप्तरातून खाकी कागद काढला, माझ्या टेबलावरच पुस्तकाला कव्हर घातले आणि लेबलवर आपले नाव, इयत्ता आणि विषय लिहिला : भूमिती.